हाडात खनिज बसते कसे, आणि शरीरात इतरत्र ते का बसत नाही?

वर्धारोड (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या वसाहतीत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींमध्ये हाडांचा विषय निघाला की चर्चा कॅल्शियमच्या गोळीपाशी येऊन थांबते. हाड ठिसूळ झाले म्हणजे कॅल्शियम कमी पडले आणि कॅल्शियम भरपूर घेतले की हाड आपोआप भरून येणार, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. मी बरीच वर्षे जीवरसायनशास्त्र शिकवले आहे. हा हिशेब कुठे अपुरा पडतो ते नीट मांडावे, एवढ्यासाठी हा धागा काढते आहे.

आपल्या रक्तद्रवात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे प्रमाण हाडातील खनिजाच्या, म्हणजे अ‍ॅपेटाइटच्या, दृष्टीने मुळातच अतिसंपृक्त, म्हणजे विरघळून राहू शकेल त्याहून जास्त, असते. नवा स्फटिक आपणहून सुरू व्हावा इतके ते जास्त नसते, पण स्फटिकाचे बीज एकदा मिळाले की त्याची वाढ होत राहू शकते. त्यामुळे हाडात खनिज का बसते, यापेक्षा त्वचेत, स्नायूत किंवा धमनीच्या भिंतीत ते का बसत नाही, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. थोडक्यात उत्तर असे की खनिजीभवनाला शरीरभर लगाम घातलेला असतो आणि हाडात तो ठरावीक जागी, ठरावीक वेळी सैल केला जातो.

आधी हाडाची घडण पाहू. हाडाच्या वजनापैकी साधारण ६५ टक्के भाग खनिजाचा, २० ते २५ टक्के सेंद्रिय द्रव्याचा आणि उरलेला पाण्याचा असतो. सेंद्रिय भागातील सुमारे ९० टक्के वाटा पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचा, म्हणजे धाग्यासारख्या प्रथिनाचा, आहे. हे कोलॅजन ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तयार करतात. या पेशी घडण्यासाठी रनएक्स२ हे जनुक इतके अत्यावश्यक आहे की ते काढून टाकलेल्या उंदरांच्या पिलांमध्ये सांगाडा कूर्चेचाच, म्हणजे नाक-कानात असते तशा लवचीक ऊतीचाच, राहतो आणि हाड तयारच होत नाही. ही गोष्ट १९९७ साली स्पष्ट झाली. ऑस्टिओब्लास्ट आधी ऑस्टिऑइड, म्हणजे खनिज नसलेला मऊ थर, घालतात आणि त्या थरात खनिज भरायला काही दिवस जावे लागतात. हा मधला काळ वाया जात नाही. तेवढ्यात कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडले जातात आणि थर खनिज घेण्याजोगा होतो.

आता लगामाकडे येते. हर्बर्ट फ्लाइश आणि विल्यम न्यूमन यांनी १९६१ मध्ये असे दाखवले की पायरोफॉस्फेट, म्हणजे दोन फॉस्फेट जोडून झालेला छोटा रेणू, अगदी अल्प प्रमाणातही अ‍ॅपेटाइटचे स्फटिक होऊ देत नाही. पेशीबाहेर आलेल्या एटीपी या ऊर्जावाहक रेणूपासून ईएनपीपी१ हे एन्झाइम पायरोफॉस्फेट बनवते आणि ऑस्टिओब्लास्टच्या पृष्ठभागावरील अल्कलाइन फॉस्फेटेज ते तोडते. तोडल्यावर एकाच वेळी दोन कामे होतात. अटकाव करणारा रेणू नाहीसा होतो आणि त्याच जागी खनिजाला लागणारे फॉस्फेट मोकळे होते. अल्कलाइन फॉस्फेटेजचा हाडाशी संबंध लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ मध्येच सुचवला होता, परंतु त्यांचा भर फॉस्फेट पुरवण्यावर होता. अटकाव दूर करणे हे या एन्झाइमचे मोठे काम आहे, ही समज पुढे आली.

याचा सर्वात सुंदर पुरावा २००२ मधला आहे असे मी मानते. अल्कलाइन फॉस्फेटेज नसलेल्या उंदरांची हाडे मऊ राहतात आणि ईएनपीपी१ नसलेल्या उंदरांमध्ये नको तिथे खनिज साठते. दोन्ही जनुके एकाच उंदरातून काढली तेव्हा पायरोफॉस्फेटचे प्रमाण सावरले आणि हाडांतील दोषही बराच भरून निघाला. त्यानंतर २००५ मध्ये मुर्शेद, कारसेंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या त्वचेत अल्कलाइन फॉस्फेटेज निर्माण होईल अशी व्यवस्था केली आणि त्वचेतल्या कोलॅजनवर खनिज बसू लागले. धाग्यांचे कोलॅजन शरीरात अनेक ठिकाणी आहे आणि हे एन्झाइमही यकृत, मूत्रपिंड अशा अनेक ठिकाणी आहे. दोन्ही एकाच जागी भेटतात ती मुख्यतः हाडात आणि दातात. हाडाचे वेगळेपण एखाद्या खास पदार्थात नसून या भेटीत आहे, आणि माझ्या मते या विषयात पहिल्यांदा समजून घ्यावे असे काही असेल तर ते हेच.

महालकर

ताई, विषय फार छान उलगडला आहे. माझे दोन प्रश्न आहेत. कॅल्शियम रक्तात पुरेसे असतेच, तर मग मुडदूस झालेल्या मुलांना ड जीवनसत्त्व का देतात? ते हाडात जाऊन खनिज बसवते असेच आम्ही शाळेत शिकलो. दुसरे म्हणजे आमच्याकडे जुनी माणसे पानाला लावायचा चुना गव्हाच्या दाण्याएवढा ताकातून घेत असत आणि त्याने हाडे टणक होतात असे सांगत. त्यात काही तथ्य आहे का?

वर्धारोड

महालकर, पहिल्या प्रश्नाचे उत्तर उंदरांवरील एका प्रयोगातून फार स्वच्छपणे मिळते. ड जीवनसत्त्वाचा संदेश पेशीपर्यंत पोहोचवणारे ग्राही प्रथिन नसलेल्या उंदरांना मुडदूस होतो. पण त्यांना सुरुवातीपासून भरपूर कॅल्शियम, फॉस्फेट आणि लॅक्टोज असलेला आहार दिला की ड जीवनसत्त्वाचा संदेश अजिबात पोहोचत नसतानाही हाडांत खनिज व्यवस्थित बसते. याच ग्राहीत जन्मजात दोष असलेल्या मुलांना शिरेतून दीर्घकाळ कॅल्शियम दिल्यावर त्यांचीही हाडे भरून आल्याचे नोंदलेले आहे. म्हणजे ड जीवनसत्त्वाचे मुख्य काम आतड्यात आहे. तिथून कॅल्शियम आणि फॉस्फेट रक्तात ओढून घेतले जाते आणि रक्तातली पातळी टिकली की हाडातले काम पुढे चालते. मी वर रक्त अतिसंपृक्त असते असे म्हटले, ते हा पुरवठा चालू असेल तोवर खरे.

मुडदुसात फॉस्फेटकडे मात्र फार दुर्लक्ष होते. लांब हाडांच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या पट्टीत कूर्चेच्या फुगलेल्या पेशींनी वेळेवर मरून जागा करून द्यावी लागते आणि त्यांना तो इशारा फॉस्फेटकडून मिळतो. रक्तातील फॉस्फेट घटले की या पेशी मरत नाहीत, पट्टी रुंदावत जाते आणि मनगट व गुडघा सुजल्यासारखा दिसू लागतो. कॅल्शियम कमी पडले की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक वाढते आणि ते मूत्रावाटे फॉस्फेट बाहेर टाकते, म्हणून कॅल्शियमच्या कमतरतेतला मुडदूसही अखेर फॉस्फेटच्या वाटेनेच येतो.

आपल्या नागपुरात ऊन भरपूर असले तरी त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सूर्याचे अतिनील किरण थेट अंगावर पडावे लागतात. उन्हाळ्यात दुपट्ट्याने चेहरा आणि हात पूर्ण झाकून बाहेर पडणाऱ्या किंवा दिवसभर कूलरसमोर बसणाऱ्या माणसाला शहरातल्या उन्हाचा उपयोग होत नाही.

चुन्याबद्दल एवढेच सांगते की त्यातले कॅल्शियम हे कॅल्शियमच असते, पण तो दाहक क्षार आहे आणि त्याने तोंड व अन्ननलिका भाजू शकते. दूध, नाचणी, तीळ यांतून तेच कॅल्शियम कोणत्याही धोक्याविना मिळते. खर्ऱ्यातल्या चुन्याला तर हाडांचे निमित्त कोणी देऊच नये.

शाळाबाई_मानेवाडा

मी आठवीच्या मुलांना एक प्रयोग करून दाखवते. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड काचेच्या बरणीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे आणि अधूनमधून व्हिनेगर बदलायचे. सुरुवातीला हाडावर बारीक बुडबुडे धरतात. पुढे हाड कडेने पारभासक होत जाते आणि शेवटी बोटांनी वाकवले तर रबरासारखे वाकून परत सरळ होते. आकार मात्र जसाच्या तसा राहतो, अगदी टोकाकडचा खळगासुद्धा. यंदा एका मुलीने विचारले की काढून टाकलेले खनिज या हाडात पुन्हा भरता येईल का. मला उत्तर देता आले नाही, म्हणून इथे विचारते आहे.

वर्धारोड

बाई, त्या मुलीला माझी शाबासकी नक्की कळवा, कारण याच प्रश्नावर मोठमोठ्या प्रयोगशाळांनी काम केलेले आहे. बुडबुडे येतात ते कार्बन डायऑक्साइडचे. हाडातील अ‍ॅपेटाइट शुद्ध नसते, त्यात काही टक्के कार्बोनेट मिसळलेले असते आणि त्यामुळेच ते खडकातल्या अ‍ॅपेटाइटपेक्षा जास्त विरघळते. शरीराला गरज पडेल तेव्हा हाडातून कॅल्शियम सोडवून घेता येते, त्यात या अशुद्धतेचा वाटा आहे. तुमच्या बरणीत मागे राहते ते कोलॅजन.

आता भरण्याविषयी. कोलॅजनचा एकेक रेणू तीन साखळ्यांच्या पिळाचा, सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचा असतो. हे रेणू शेजारी शेजारी रचले जाताना दर ६७ नॅनोमीटरने सरकलेले असतात आणि एकामागच्या एक रेणूंच्या टोकांमध्ये साधारण ४० नॅनोमीटरची मोकळी जागा उरते. ग्लिमशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये विरघळवलेल्या कोलॅजनची निरनिराळ्या पद्धतींनी पुन्हा रचना करून पाहिली आणि नैसर्गिक हाडासारखी रचना जमलेल्या धाग्यांवरच अ‍ॅपेटाइट धरते असे दाखवले. रेणू तेच असूनही रचना बदलली की खनिज बसत नव्हते.

खनिज काढून टाकलेले हाड रक्तद्रवात उबदार तापमानाला ठेवले तर त्यात पुन्हा खनिज भरते, हेही प्राइस यांच्या प्रयोगशाळेने दाखवले आहे. त्यातून निघालेले स्पष्टीकरण मला या संपूर्ण विषयात सर्वात आवडते. रक्तात फेटुइन नावाचे प्रथिन असते आणि ते खनिजाच्या सूक्ष्म कणांना चिकटून त्यांची वाढ थांबवते. या प्रथिनाचे वजन सुमारे ४८ किलोडाल्टन (रेणूंचे वजन मोजण्याचे एकक) आहे. कोलॅजनच्या धाग्याच्या आतल्या पाण्यात ६ किलोडाल्टनपेक्षा लहान रेणू सहज शिरतात, तर ४० किलोडाल्टनपेक्षा मोठ्यांना आत वाव नसतो, असे २००७ मध्ये मोजले गेले. म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट आत जातात आणि फेटुइन बाहेरच राहते. बाहेर स्फटिक वाढू दिला जात नाही आणि आत त्याला अडवायला कोणी नसते, म्हणून खनिज धाग्याच्या पोटात भरते. तुमच्या बरणीतल्या हाडालाही तत्त्वतः हेच लागू आहे, फक्त शाळेत ते करायला रक्तद्रव आणि निर्जंतुक उबवणी लागेल.

मेडिकल_चौक

मी पदव्युत्तर विद्यार्थी आहे. मॅडम, तुम्ही मॅट्रिक्स व्हेसिकलचा, म्हणजे पेशीतून सुटणाऱ्या सूक्ष्म पुटिकांचा, उल्लेखच केला नाही, ही गोष्ट खटकली. अँडरसन आणि बोनुच्ची यांनी १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ५० ते २०० नॅनोमीटरच्या या पुटिका पाहिल्या आणि पहिले स्फटिक त्यांच्याच आत दिसले. मग कोलॅजनला प्रारंभाचे श्रेय कसे देता येईल?

वर्धारोड

हरकत अगदी रास्त आहे. पुटिकेच्या आत फॉस्फो१ नावाचे एन्झाइम पडद्यातल्या मेदापासून सुटलेल्या फॉस्फोकोलिनमधून फॉस्फेट मोकळे करते आणि बाहेरून वाहक प्रथिनांमार्फतही फॉस्फेट आत येते. अल्कलाइन फॉस्फेटेज नसलेल्या उंदरांतही पुटिकेच्या आत पहिले स्फटिक दिसतात, ते बाहेर पडून पसरत मात्र नाहीत. फॉस्फो१ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज दोन्ही काढल्यावर जन्मणाऱ्या पिलांच्या सांगाड्यात खनिज आढळत नाही, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावरून पुटिकेचे महत्त्व नाकारता येणार नाही.

तरीही माझे मत असे आहे की वाढीच्या पट्टीतली कूर्चा, घाईने विणलेले नवे हाड आणि प्रौढ वयात सावकाश घातले जाणारे थरांचे हाड यांना एकाच मापाने मोजू नये. पहिल्या दोन ठिकाणी पुटिका विपुल दिसतात. थरांच्या हाडात आधीपासूनच खनिज भरलेला भाग शेजारी असतो आणि भरण्याचे काम त्याच्या कडेने पुढे सरकते, त्यामुळे तिथे कोलॅजनचा वाटा मोठा धरावा लागतो. शिवाय २०१० मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने असे दिसले की खनिज आधी स्फटिकरूप नसलेल्या, आकारहीन कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात धाग्यात शिरते, तेही ठरावीक धनभारित जागेतून, आणि आत गेल्यावर त्याचे स्फटिक होतात. ते स्फटिक जेमतेम काही नॅनोमीटर जाडीच्या पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांची लांबी धाग्याच्या दिशेने असते.

नमुना_ते_निकाल

मी धंतोली भागात एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. अल्कलाइन फॉस्फेटेजची चाचणी आमच्याकडे रोज होते, म्हणून काही सांगावेसे वाटते. वाढत्या वयाच्या मुलांत हे एन्झाइम प्रौढांच्या कित्येक पट जास्त असते आणि अहवालावर प्रौढांची मर्यादा छापलेली असली की पालक घाबरतात. उलट आकडा मर्यादेपेक्षा खाली असेल तर तो बहुतेक वेळा कोणाच्याच नजरेत भरत नाही.

खाली आलेला आकडा पाहताना आम्ही एक गोष्ट आधी तपासतो. रक्त घेताना जांभळ्या झाकणाची नळी आधी भरली गेली आणि तिच्यातले ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारे रसायन, थोडे जरी दुसऱ्या नळीत गेले, तरी अल्कलाइन फॉस्फेटेज खोटेच कमी दिसते. या एन्झाइमला जस्त आणि मॅग्नेशियम लागते आणि ईडीटीए ते ओढून घेते. अशा नमुन्यात कॅल्शियमही कमी दिसते आणि पोटॅशियम भलतेच जास्त येते. तिन्ही आकडे एकत्र असे आले की आम्ही नमुना परत मागवतो.

वर्धारोड

दादा, ही माहिती फार मोलाची आहे. नमुना निर्दोष असूनही आकडा सतत कमी येत असेल तर हायपोफॉस्फेटेशिया या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. रॅथबन यांनी १९४८ मध्ये त्याला हे नाव दिले. यात अल्कलाइन फॉस्फेटेजचे जनुक बिघडलेले असते, पायरोफॉस्फेट साचते आणि कॅल्शियम, फॉस्फेट, ड जीवनसत्त्व सर्व ठीक असूनही हाडात खनिज भरत नाही. पुष्कळदा तर कॅल्शियम वाढलेलेच असते, कारण त्याला हाडात जागा मिळत नाही. अशा रुग्णाला मुडदूस समजून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस दिले तर अपायच होतो. २०१५ पासून यावर अस्फोटेस अल्फा हे औषध काही देशांत मान्य आहे. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेजला अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या दहा कड्यांची शेपटी जोडलेली असते आणि ती हाडाच्या खनिजाला चिकटते, त्यामुळे एन्झाइम योग्य जागी पोहोचते. औषध अत्यंत महाग आहे.

दंतवैद्य_सदर

या आजाराची पहिली खूण अनेकदा आमच्याकडे येते. पाच वर्षांच्या आत मुलाचा समोरचा दुधाचा दात पडतो आणि तो मुळासकट अखंड असतो. एरवी दुधाचा दात पडतो तेव्हा त्याचे मूळ विरघळून गेलेले असते, हातात नुसता वरचा भाग येतो. हायपोफॉस्फेटेशियात मुळावरचे सिमेंटम, म्हणजे मुळाभोवतीचा कठीण थर, नीट तयार होत नाही, त्यामुळे हिरडीतले तंतू दाताला धरून ठेवू शकत नाहीत आणि दात जवळपास न दुखता, न रक्त येता सुटतो. पालकांनी असा दात फेकून न देता दंतवैद्याला दाखवावा आणि मुलाचे अल्कलाइन फॉस्फेटेज त्याच्या वयाच्या मर्यादेशी ताडून पाहावे.

वैनगंगा

पाण्याच्या गुणवत्तेच्या कामानिमित्त माझे चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत जाणे होत असे. तिथल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि पाठ ताठ झालेली, गुडघे वाकलेली माणसे मी पाहिली आहेत. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅम आहे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली, हे इथल्या वाचकांना ठाऊक असावे. माझा प्रश्न असा आहे की एक्स-रेमध्ये ही हाडे जास्त पांढरी, जास्त घट्ट दिसतात, मग ती दुबळी कशी?

वर्धारोड

वैनगंगा, तुमच्या प्रश्नामुळे खनिज किती आहे आणि ते कसे बसले आहे, यातला फरक पुढे आला. अ‍ॅपेटाइटमधल्या हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड सहज बसते आणि स्फटिक मोठा व अधिक स्थिर होतो. पण कोलॅजनच्या धाग्याशी त्याची सांगड पूर्वीसारखी राहत नाही. शिवाय फ्लोराइड ऑस्टिओब्लास्टना चेतवते, त्यामुळे ऑस्टिऑइड भराभर घातले जाते आणि त्यात खनिज भरणे मागे पडते. एकाच हाडात कुठे अतिघट्ट भाग आणि कुठे मऊ थर सापडतो. आहारात कॅल्शियम कमी असेल तर हा मऊपणा आणखी वाढतो, म्हणून गरीब घरातल्या मुलांचे पाय जास्त वाकतात.

याचा थेट पडताळा अमेरिकेत झाला. हाडे विरळ झालेल्या स्त्रियांना चार वर्षे सोडियम फ्लोराइड देऊन पाहिले, तेव्हा कण्याची घनता सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली. मणक्यांचे अस्थिभंग मात्र लक्षणीय घटले नाहीत आणि इतर हाडांचे अस्थिभंग उलट वाढले. हा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. घनतेच्या एका आकड्यावर विसंबून हाडाची ताकद ठरवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अंबाझरी

माझे वडील डायलिसिसवर आहेत. डॉक्टरांनी सांगितले की त्यांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साठले आहे, आणि त्याच वेळी त्यांची हाडे विरळ होत आहेत. एकाच माणसात दोन्ही कसे होते, हे मला कळत नव्हते. या धाग्यातून थोडा अंदाज आला. मॅडम, आपण थोडे सविस्तर सांगाल का?

वर्धारोड

अंबाझरी, वडिलांना बरे वाटो. मूत्रपिंड थकले की फॉस्फेट बाहेर टाकले जात नाही आणि ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूपही पुरेसे बनत नाही. आतड्यातून कॅल्शियम कमी येते, पॅराथायरॉइड संप्रेरक वाढते आणि ते हाडातून खनिज बाहेर काढू लागते. दुसरीकडे रक्तातले वाढलेले फॉस्फेट धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशींत शिरते आणि त्या पेशी आपला मूळ स्वभाव सोडून रनएक्स२ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज निर्माण करू लागतात. धमनीत कोलॅजन आधीपासून आहेच, म्हणजे मी सुरुवातीला म्हटलेली भेट तिथेही घडून येते. धमनीचे रक्षण करणारे मॅट्रिक्स जीएलए नावाचे एक प्रथिन आहे आणि ते कार्यक्षम व्हायला के जीवनसत्त्व लागते. हे प्रथिन नसलेले उंदीर धमन्या खनिजाने भरून फुटल्यामुळे दोन महिन्यांच्या आत मरतात, इतके ते महत्त्वाचे आहे.

त्यामुळे वडिलांना कोणाच्या सांगण्यावरून कॅल्शियमची किंवा ड जीवनसत्त्वाची गोळी परस्पर सुरू करू नका आणि त्यांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही बदलू नका. फॉस्फेट बांधणारी गोळी त्यांना दिलेली असेल तर ती जेवणाच्या घासांबरोबरच द्या. ती रक्तात जाऊन काम करत नाही, आतड्यात अन्नातले फॉस्फेट पकडते, म्हणून रिकाम्या पोटी घेतली तर तिचा उपयोग जवळजवळ होत नाही. डबाबंद आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांत मिसळलेले फॉस्फेट डाळी व धान्यांतल्या फॉस्फेटपेक्षा कितीतरी सहज शोषले जाते. शीतपेये, प्रक्रिया केलेले चीज आणि पाकिटातले तयार पदार्थ आधी बंद करा. डाळ किती द्यायची ते आहारतज्ज्ञांना विचारून ठरवा, कारण डायलिसिसवर प्रथिने कमी पडूनही चालत नाही.